आक्काला आणायला नेलेली जीप

दाजी,

एवढ्या उशिरा लिहितोय, राग धरू नका. तुम्ही होता तेव्हाच लिहायला हवं होतं, पण तेव्हा मला माझ्या अक्षराची लाज वाटायची. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता सत्तरी उलटल्यावर कागद घेऊन बसलोय. गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, हे विचारायची कुठं सोय नाही. लेकीला विचारलं असतं तर तिनं त्याच दिवशी मला शिरूरला डॉक्टरकडं नेलं असतं. पण तुमच्या घराबद्दल एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. त्याआधी झालेलं सगळं सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझं डोकं थंड होणार नाही. परत आल्यापासून मी नुसता चिडलेला आहे. तुमच्या बायकोवर चिडलोय, माझ्या लेकीवर चिडलोय, आणि सगळ्यात जास्त त्या जीपवर, कारण ती कुठंच बंद पडली नाही.

तुम्ही गेल्यापासून आक्का तिकडं कर्नाटकात, वाडी जंक्शनला एकटीच राहते. माझी बायकोही आता नाही. इनामगावच्या अलीकडं आपल्या मळ्यातल्या घरात मी एकटा. लेक सणसवाडीला कंपनीत आहे, तिथं एका खोलीत ती, जावई, दोन पोरं आणि तिची सासू. मला तिथं पाय पसरायला जागा नाही, आणि रात्रभर कंटेनर जातात त्यानं झोपही लागत नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं की बहीण परमुलखात एकटी, भाऊ इथं एकटा, तर तिला इकडं आणावं. फोन करून सांगायचो, आक्का, तुझं वय झालं, मोरीत पाय घसरला तर कोण उचलेल, गॅस चालू राहिला तर कोण बंद करील, सगळं आवर आणि ये. ती म्हणायची, बघू. एकदा मी फारच लावून धरलं, तेव्हा म्हणाली, "आरं, लगीन झाल्यापास्नं मला कवा मुराळी आलाय का? सगळ्यांच्या भनींला भाऊ न्यायला यायचं. माझा भाऊ ड्रायव्हर, आन् मी आपली पासावर रेल्वेनं यायची. तू जीप घिऊन ये. आपली जीप. मग येते."

मुराळी म्हणजे काय हे आता पोरांना ठाऊक नाही. पंचमीला, दिवाळीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो भाऊ जायचा, तो मुराळी. तुम्ही रेल्वेत असल्यामुळं आमच्यावर ती वेळ कधी आलीच नाही. तुम्ही तिला डब्यात बसवून द्यायचात आणि आम्ही दौंड स्टेशनवर उतरवून घ्यायचो. मला वाटलं, बाईची जात, ते मनात राहिलं असेल. इतकी वर्षं बोलली नसेल. मी फोन ठेवला आणि तसाच जीपकडं गेलो.

जीप गोठ्यामागं पत्र्याखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. एक खुडूक बसली होती, ती उठेपर्यंत वाट बघावी लागली. तुम्हाला आठवत असेल, लष्कराच्या लिलावातली गाडी, तुम्ही आणि आमच्या वडिलांनी मिळून घेतलेली. तुम्ही तेव्हा दौंडला लोकोशेडमध्ये फिटर. सुट्टीच्या दिवशी मला रुळांच्या कडेच्या मैदानावर शिकवायला न्यायचात. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलोय, लांब कुठंतरी एक शेळी दिसतीय, आणि मी ब्रेक दाबतोय. तुम्ही शेजारी. म्हणता, "मेव्हणं, तुम्ही गाडी चालवताय का गाडीची माफी मागताय?" मैदानावरची माणसं हसतात. मीही हसतो. पण परत घरी जाताना तुम्ही न हसता म्हणालात, "ब्रेकवर पाय ठिवूनच जगनार हायेस का रं तू?" ते मला लागलं. अजून लागतं. काळजी करणारा माणूस म्हणजे भित्रा, असं तुम्ही धरून चालला होतात. पुढं मी त्याच जीपवर दौंड-शिरूर वडाप केलं. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं. एकालाही खरचटलं नाही. त्याबद्दल तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत. वाफेची इंजिनं गेली, तुमची बदली वाडीला झाली, तेव्हा किल्ली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "इकू नगंस, आन् पुजूबी नगंस. चालव." जीपच्या पुढं मी लिंबू-मिरची बांधली होती, ती तोडून खिशात घातलीत. टाकलीत कुठं देव जाणे. मला मात्र त्या सबंध महिन्यात धास्ती होती.

दौंडच्या मिस्त्रीनं जीप चालू करून दिली. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आप्पा, आत्या चेष्टा करतीया. दौंडवरनं थेट गाडी हाय वाडीला. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं."

"तिनं जीप म्हनलंय."

"तिनं इमान म्हनलं आसतं तर?"

"तर इचार केला आसता. तिनं जीप म्हनलंय."

मग तिनं रजा टाकली. मला एकट्याला सोडायला तयार होईना, माझ्या डोळ्यांचं कारण सांगितलं. आली आणि सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसली. जिला मी मांडीवर घेऊन हॉर्न वाजवायला शिकवलं ती मला म्हणते, "तुम्ही तिकडून बसा." माझ्याच गाडीत मी डाव्या बाजूनं चढलो. रागाची सुरुवात तिथून.

दौंडला पुलाच्या पलीकडं तुमचं क्वार्टर होतं तिथं थांबायला सांगितलं. क्वार्टर नाही आता. वेड्या बाभळी आहेत आणि एक मोडका नळ. लेक म्हणाली, "आप्पा, अजून पन्नास किलोमीटर झालं न्हाईत, आन् तुमी थांबाया लागलात." मी गप्प बसलो. सोलापूर रोडला लागल्यावर मात्र मला गप्प बसवेना. ट्रक कानाजवळून जातात, मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न देतो, आणि ही पन्नासच्या वर काटा नेते. मी म्हणतो, चाळीसनं चल. ती म्हणते, आप्पा, चाळीसनं गेलं तर आत्याचा पुढचा जन्म उजाडंल. थोडं पुढं गेल्यावर मला एक आवाज ऐकू यायला लागला. खटखट, खटखट. मी म्हणालो, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं, गाडी बाजूला घे. घेतली. उतरून बघितलं, काही नाही. पुन्हा निघालो, पुन्हा खटखट. भिगवणच्या पुढं पुन्हा थांबवली. बॉनेट उघडलं, चाकं हलवली, खाली वाकून बघितलं. काही नाही. तिसऱ्या वेळी तिनं गाडी थांबवली नाही. माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आप्पा, तोंड मिटा." मी मिटलं. आवाज बंद. माझी कवळी वाजत होती, दाजी. ती इंदापूरपर्यंत हसत होती. हसण्यासारखं त्यात काय होतं? बेअरिंग खरंच गेलं असतं तर?

टोलनाक्यावर वेगळीच तऱ्हा. काचेवर टॅग नाही म्हणून आडवा दांडा वर जाईना. आतला पोरगा विचारतो, "गाडी कौनसी है ये?" मागं रांग लागली, लोक आरडाओरडा करायला लागले. मी घामाघूम झालो. लेक उतरली, त्याच्याशी हिंदीत दोन शब्द बोलली, काय असेल ते दुप्पट भरलं आणि निघालो. मी म्हणालो, म्हणून सांगत होतो सगळी तयारी नीट कर. ती म्हणाली, तुम्ही तर ट्रेनचं तिकीटसुद्धा काढू दिलं नाही.

टेंभुर्णीच्या पुढं एका धाब्यावर चहाला थांबलो, तिथं अजून एक ताप. पुण्याकडची पाच-सहा मुलं, चकचकीत रंगवलेल्या तीन जुन्या जीपा घेऊन कुठं दूरच्या सफरीला निघालेली. आमची जीप बघून धावत आली. "अंकल, ओरिजिनल आहे?" मी सांगितलं, चेसिस ओरिजिनल. इंजिन दुसऱ्या गाडीचं, गिअरबॉक्स तिसऱ्या गाडीचा, मागचं सीट मोडीतल्या एसटीचं. तरी ती फोटो काढत राहिली. एकानं विचारलं, "कुठल्या ट्रिपला निघालात?" मी म्हणालो, बहिणीला आणायला. तर तो दुसऱ्याला ओरडून सांगतो, "अरे ऐक, काय भारी आहे!" त्यात भारी काय? त्यांनी मला न विचारता बॉनेटवर एक स्टिकर चिकटवलं आणि आमच्यापुढं निघून गेले. त्यांच्या गाड्या मजेसाठी. मला मजा नको होती, मला माणूस आणायचं होतं. मी नखानं स्टिकर काढत बसलो. अर्धं निघालं, अर्धं अजून आहे.

सोलापुरात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट मागं पडलं, आणि पाट्या कानडीत सुरू झाल्या. मला रस्ता वाचता येईना. माणसाला साक्षर असून अडाणी वाटायला लावणारा तो मुलूख. लेक मोबाइलवर बघून चालवत होती आणि मी विचारत होतो, बरोबर चाललोय का, हा तोच रस्ता का, डिझेल पुरेल का. ती म्हणाली, "आप्पा, एक खरं सांगा. गाडीला काय झालं न्हाई तर तुमाला करमत न्हाई ना?" तुमची आठवण आली. तुम्ही दोघं एका माळेचे मणी.

दुपारी वाडीला पोचलो. शहाबादी फरशांची ती घरं, सिमेंटची धूळ, ऊन. तुमच्या दाराला कुलूप. दवाखान्यात नेलं की काय, पडली की काय. शेजारची बाई बाहेर आली, जीपकडं बघून म्हणाली, "मौसी का भाई? फौज लेके आये क्या?" आक्का कुठं आहे विचारलं तर म्हणाली, गिरणीत. थोड्या वेळानं आक्का चालत आली, काठी नाही, काही नाही, डोक्यावर पदर, हातात पिठाची पिशवी. कोपऱ्यावर जीप दिसली तशी थांबली. मला वाटलं, आता रडेल. मीही डोळे पुसायच्या तयारीत होतो. ती तिथंच रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की शेजारीण पाणी घेऊन धावली.

"आरं येड्या," ती म्हणाली, "ती चालंल आसं कुणाला वाटलं व्हतं? मी येनार न्हाई, हे सांगायची रीत आसती ती. रेडा व्याला की येते म्हनले आसते, तर तू गाभण रेडा घिऊन आला आसतास व्हय रं?"

लेक बॉनेटवर डोकं टेकून हसत होती. मी रस्त्यात उभा. दोन दिवस हाडं खिळखिळी करून, कवळी वाजवत, लोकांचे हॉर्न ऐकत आलो ते हे ऐकायला. मी म्हणालो, मी आत्ता परत जातो. आक्का म्हणाली, "जा की. पर भाकरी खाऊन जा." मी भाकरी खाल्ली नाही. म्हणजे त्या वेळी नाही खाल्ली. संध्याकाळी खाल्ली.

तुमच्या बायकोचा कारभार तुम्ही बघितला नाहीत, म्हणून सांगतो. स्वयंपाकघरात तीन चुली. ती आणि दोन बायका मिळून कडक भाकऱ्या करतात, पापडासारख्या कडकडीत, आणि गठ्ठे बांधून सोलापूरपर्यंत पाठवतात. त्यातली एक बाई कानडी बोलते, दुसरी हिंदी, आक्का आपली मराठी, आणि तिघी एकमेकींवर ओरडतात आणि तिघींना सगळं कळतं. संध्याकाळी विहारात वंदना घेते. गल्लीतलं बारसं असो की भांडण, आधी हिला बोलावणं. मी ह्या बाईचा पाय मोरीत घसरेल म्हणून रात्र-रात्र जागत होतो. मी म्हणालो, आक्का, हे सगळं आवरून तिकडं चल, तिथं आराम आहे. ती म्हणाली, "तिथं यून काय करू? तुझ्या कोंबड्या राखू?" दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला म्हणाली, "गाडी आलीच हाय, तर बाजारातनं ज्वारीची पोती तरी आनू." जी जीप तिला मानानं माहेरी न्यायला मी इतक्या लांबून आणली, तिच्यात पोती घातली. आक्का पुढं बसली, मी मागं पोत्यांवर. गल्लीतल्या प्रत्येकाला ती हात करत होती.

दुपारी स्वयंपाकघरात बसलो होतो. आक्का भाकरी थापत होती, तिचे हात तुम्हाला माहीत आहेत, बोलणं थांबेल पण हात थांबणार नाहीत. तिनं लेकीला विचारलं, "ह्यो तिकडं खातो का नीट?" आणि माझ्या लेकीनं, जिला मी काही बोलू नको म्हणून खुणावत होतो, सगळं सांगून टाकलं. आप्पा एकदाच खातात. रात्रभर दिवा चालू ठेवतात. दारामागं पाटा लावून झोपतात. मला कंपनीत फोन करतात, लाइन चालू असताना, आणि विचारतात, पाऊस येईल का गं. मागच्या महिन्यात तर नुसतं म्हणाले, काही नाही, बघितलं फोन लागतो का.

आक्काचे हात थांबले. माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी मला न्यायला आला व्हय हा? ह्यालाच न्यायला पायजे." मग परत थापायला लागली आणि खाली बघूनच म्हणाली, "ऱ्हा हितंच. म्होरली खोली मोकळी हाय. पोती मोजायला मानूस लागतंच मला."

मी ताडकन म्हणालो, भाऊ कधी बहिणीच्या घरी राहतो का? आमच्या वडिलांनी लेकीच्या घरचं पाणी घेतलं नाही. आक्का म्हणाली, घेतलं की. आणि मग मलाही आठवलं. दौंडचं तुमचं क्वार्टर, नवीन संसार, स्टोव्हचा आवाज. वडील उंबऱ्याच्या आत आले पण घोंगडीवर अवघडून बसलेत, तहान लागलीय आणि लेकीच्या घरचं पाणी कसं प्यायचं म्हणून गप्प. आक्का दाराआड रडकुंडीला आलीय. तुम्ही तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवता आणि म्हणता, "मामा, हे पानी रेल्वेचं. नळ रेल्वेचा, टाकी रेल्वेची, हे क्वार्टरबी रेल्वेचं. माझं हितं काय बी न्हाई. प्या बिनघोर." वडील तुमच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सगळा तांब्या संपवला, आणि त्यानंतर जेवूनही गेले. आम्ही बुद्धाला मानायला लागलो होतो तरी वडिलांच्या अंगातून जुन्या रीती गेल्या नव्हत्या. तुम्ही भांडला नाहीत, वाट काढून दिलीत.

पण दाजी, माझी अडचण तुमच्या लक्षात आली का? वाडीचं घर रेल्वेचं नाही. रिटायर झाल्यावर तुम्ही तुमच्या पैशानं, तुमच्या हातानं फरशी निवडून बांधलेलं ते घर आहे. वडिलांना जी वाट होती ती मला नाही. मी हे आक्काला बोललो. ती म्हणाली, "त्येंचं काय इचारतूस? ते फोटोत हायेत." मी म्हणालो, फोटोत असले तरी मालक आहेत. ती म्हणाली, "मग बस इचारत." आणि तवा एवढ्या जोरात आपटला की शेजारीण डोकावली.

दुसऱ्या दिवशी निघालो. आक्का दारापर्यंत आली, जीपच्या मडगार्डवर हात ठेवला. मीही घुश्शात होतो. सगळ्या रस्त्यात मी वाट बघत होतो की आता गरम होईल, आता पंक्चर होईल, म्हणजे कुठंतरी मुक्काम पडेल आणि मला नीट विचार करता येईल. काही झालं नाही. इतक्या वर्षांत ती जीप इतकी सुरळीत चालली नव्हती. उलट टेंभुर्णीच्या उतारावर लेकीनं साठवर नेली आणि मी ओरडलोही नाही. मोकळ्या मागच्या सीटकडं बघायचं नाही म्हणून समोर बघत बसलो.

आता मी परत मळ्यात आहे. गावात बातमी पसरली. पारावर एक जण म्हणाला, "बहिणीला आणायला गेला व्हतास, आन् बहिणीनं तुलाच ठिवून घेते म्हनलं म्हनं? घरजावई ऐकला व्हता, घरमेव्हणा पयल्यांदाच!" सगळे हसले. मी तिथून उठून आलो. तुम्ही असता तर तुम्ही त्याला काहीतरी बोलला असता. मला त्या वेळी काही सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. लेक म्हणते, जा आप्पा, मळा वाट्यानं लावू, कोंबड्या मी बघते, निदान मला कंपनीत मन लावून काम करता येईल. ती रागानं म्हणत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. आक्का रोज संध्याकाळी फोन करते. "काय ठरलं?" मी म्हणतो, जीपची सोय लागू दे. दुसऱ्या दिवशी म्हणतो, ज्वारीची काढणी होऊ दे. ज्वारी तर अजून पोटरीतसुद्धा आली नाही. ती म्हणते, बरं. तिला कळतंय. ती मला तोंडावर येडा म्हणते, पण मी तिला सांगतो त्या सबबी ती खोडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, रीती मोडायला मीच शिकवलं ना तुम्हाला. शिकवलंत. पण मोडताना तुम्ही शेजारी असायचात. आता त्या घरात मी सकाळी उठून पहिल्यांदा चहा मागायचा तो कुणाच्या जिवावर? तुमच्या खुर्चीवर बसायचं की खाली? पुढच्या खोलीत तुमचे रेल्वेचे बूट अजून ठेवलेत तिनं, पॉलिश करून. ते मी कुठं सरकवायचे? ह्यातलं मला आक्का सांगू शकत नाही. तिला वाटतं सगळं सोपं आहे. तुम्ही नुसतं एवढं सांगा की मेव्हण्या, ये, माझी हरकत नाही. किंवा सांगा की येऊ नकोस. म्हणजे मी ह्या काळजीतून सुटेन आणि दुसऱ्या काळजीला लागेन.

एक राहिलं. आक्काला मी नाही म्हणालो ते खरं. पण निघायच्या दिवशी सकाळी माझा पांढरा सदरा तिच्या परसातल्या दोरीवर वाळत होता. तो मला दिसला. वाऱ्यानं बाह्या हलत होत्या. लेकीनं विचारलं, आप्पा, सगळं घेतलं का? मी म्हणालो, घेतलं. आक्का परवा फोनवर म्हणाली, तुझा सदरा राहिलाय, कुणाबरोबर धाडू का? मी म्हणालो, असू दे. मग म्हणाली, इस्त्री करून ठेवते.

हे पत्र मी टाकणार नाही. वाडीच्या पत्त्यावर टाकलं तर पोस्टमन आक्काच्या हातात देईल, ती वाचणार, आणि गल्लीला वाचून दाखवणार. दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. तरी तुमच्यापर्यंत पोचलं असं धरतो. तुम्ही कळवा. आक्काच्या स्वप्नात जाऊन सांगू नका, ती सोयीचं तेवढंच मला सांगेल. मलाच कळवा. संध्याकाळी तिचा फोन आला की मला रोज खोटं बोलावं लागतं, दाजी. लवकर कळवा.